लुकाचा चाळिसावा

पीठ नझारने आणून दिलं होतं, ही गोष्ट उस्तिन्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती.

शेर-दीड शेर असेल, निळ्या कागदात बांधलेलं. गेल्या बुधवारी तो मागच्या जिन्याने वर आला, पुडा तिच्या हातात दिला आणि दारातूनच म्हणाला, "लुकाच्या चाळिसाव्याला घावन तर व्हायला हवेत, ताई." पोलिसाचा काळा डगला, कमरेला तलवार, मिशांवर बर्फ. आत ये म्हटलं तर आला नाही, ड्यूटी आहे म्हणाला. दुसऱ्याच दिवशी व्हीबोर्ग भागातल्या सूतगिरण्यांच्या बायका साचे बंद करून "पाव द्या, पाव द्या" म्हणत रस्त्यावर उतरल्या. संध्याकाळी ग्लाशा गिरणीतून नव्हे, पुलावरून घरी आली. चेहरा पांढराफटक. शाल सोडता सोडता आईला म्हणाली, "तुझ्या भावाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही." उस्तिन्याने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर पीठ परत करावं लागलं असतं.

आज मंगळवार. पाच दिवसांत पेट्रोग्राड ओळखू येईनासं झालं होतं. ट्राम बंद, गिरण्या बंद. काल तर शिपायांनी बायकांवर गोळ्या झाडायचं नाकारून बंदुका आपल्याच अधिकाऱ्यांवर वळवल्या होत्या. नदीपलीकडे सकाळपासून काळा धूर दिसत होता. पण लुका रीगाजवळच्या दलदलीत लढताना वीस जानेवारीला गेला, आणि वीसपासून मोजलं की चाळिसावा दिवस आजच येत होता. शहरात काहीही होवो, लेकराचा आत्मा आजच घरचा निरोप घेणार होता आणि त्याला उपाशी पाठवायचं नव्हतं.

ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता, त्यामुळे घावनाला अंडं-दूध-लोणी चाललं नसतं, आणि तसंही ते घरात कुठे होतं! पाण्यात कालवलेलं पीठ, तव्यावर तेलाचं नुसतं बोट. वाटीभर उकडलेल्या गव्हावर तिने मधाची बरणी उपडी करून धरली, चमच्याने खरवडली, शेवटी गरम पाण्याने विसळून तेही ओतलं. टेबलाच्या टोकाला लुकाचं पान मांडलं: रिकामी ताटली, पाण्याचा पेला, पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा.

"आई, एवढं पीठ आलं कुठून?" मावराने विचारलं. लुकाची बायको. ती खिडकीशी बसून फौजेचे सदरे शिवत होती. तीन वर्षांची डुन्या तिच्या पायाशी बसली होती. डुन्या हल्ली पळत नसे. बसलेल्या ठिकाणी बसून राही.

"मिळालं," उस्तिन्या म्हणाली. "तू तवा बघ."

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. दार उघडलं तर डोक्याला बाईची शाल गुंडाळलेला एक धिप्पाड माणूस. डगला उलटा करून घातलेला, अस्तर बाहेर. कानामागून रक्ताचा ओघळ वाळलेला. उस्तिन्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने शाल सरकवली.

"ताई, पाणी दे."

तो घटाघटा पाणी प्यायला. आई गेली तेव्हा नझार चार वर्षांचा होता आणि ती अकराची. दोन वर्षं तिने त्याला कडेवर वागवला. अजून उजवा खांदा जरा खालीच राहिला होता तिचा. तो असाच दोन्ही हातांनी भांडं धरून प्यायचा.

"आमची चौकी जाळली," तो म्हणाला. "मी मागच्या खिडकीतून उडी मारली. बाकीचे पुढच्या दाराने गेले. त्यांना अंगणातच..."

"पोरगी ऐकतेय," मावरा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आई, मामांना इथे ठेवता येणार नाही."

"का नाही?"

"सोळा नंबरच्या माळ्यावर काल एक पोलीस सापडला. त्याला नेलं ते नेलं, घरमालकिणीलाही केसाला धरून ओढली. घरोघर झडती चाललीय. आपल्या गल्लीत येतीलच."

"मावरा, माझा भाऊ आहे तो."

"आणि ही माझी मुलगी आहे." मावराचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "लुकाची एवढीच उरलीय माझ्याकडे."

नझारने पेला खाली ठेवला. "पोरीचं बरोबर आहे, ताई. मला फक्त तासभर बसू दे. पाय लंगडतोय. मग जातो."

"कुठे जाशील?"

त्याने डुन्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. डुन्याने त्याच्या उलट्या डगल्याकडे बोट दाखवलं. "मामाआजोबा चुकले."

"हो गं बाई," तो म्हणाला. "चुकलेच."

---

ग्लाशा दुपारी बाराच्या सुमाराला आली, पुढच्या दाराने. तिला येताना मावराने खिडकीतून बघितलं होतं, पण सांगावं की न सांगावं हे ठरेपर्यंत ती आत पोचलीसुद्धा. बाहीला लाल चिंधी, घसा बसलेला. पाच दिवस ओरडून ओरडून तिचा आवाज एखाद्या म्हाताऱ्या गाडीवानासारखा झाला होता.

टेबलाशी बसलेला माणूस दिसताच ती जागच्या जागी थांबली. ओरडेल असं मावराला वाटलं. ग्लाशाने शांतपणे शाल सोडली, खुंटीला अडकवली, मगच बोलली.

"नझार साव्विच. आपण इथे?"

लहानपणी याच मामाच्या खांद्यावर बसून ग्लाशा नदीच्या बर्फावर मिरवायची. त्याला ती आज 'आपण' म्हणत होती, बापाच्या नावासकट.

"ग्लाशा, आज तुझ्या भावाचा चाळिसावा आहे," उस्तिन्या म्हणाली.

"मला माहीत आहे, आई. म्हणून तर लांबून आले. पुलावरून यांच्या भाईबंदांनी छपरावरून झाडलेल्या गोळ्या चुकवत आले." ती नझारकडे वळली. "मात्र्योना येगोरोव्नाचा हात दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतो, साच्यावर पुन्हा उभी राहील की नाही सांगता येत नाही. तीन पोरं आहेत तिला. माझ्या शेजारच्या साच्यावर आठ वर्षं काम केलं तिने. आपल्याला माहीत नसेल ना तिचं नाव?"

"नव्हतं माहीत," नझार म्हणाला.

"मी तिच्या मागेच होते."

"तू दिसलीस मला. नंतर दिसलीस."

"काय मागत होती ती? राजवाडा मागत होती? सकाळी पाचपासून थंडीत उभी राहायची आणि दुकानाचं दार बंदच राहायचं. तीन दिवस सलग."

"हुकूम होता, ग्लाशा."

"कसला? मारायचा?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि मावराला वाटलं, आता हा तेच करणार.

"नाही," तो म्हणाला. "ढकलायचा. पूल ओलांडू द्यायचा नाही, मागे ढकलायचं, एवढाच हुकूम होता."

"मग?"

"घाबरलो." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुला खरं वाटणार नाही. दोन वर्षं मी पावाच्या दुकानांपुढे याच बायकांना रांगेत उभं करत होतो. आज पीठ आलेलं नाही, दार उघडणार नाही, हे मला त्यांच्याआधी कळायचं. सांगायचं नाही असा हुकूम. दंगा होईल म्हणून. मग त्या चार-चार तास उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्यासमोर फेऱ्या मारायचो. त्या मला शिव्या द्यायच्या, बडबडायच्या, रडायच्या. त्याची सवय होती. गुरुवारी त्यांच्यातली एकही काही बोलली नाही. मी तिथे नसल्यासारख्या सरळ चालत आल्या. मी तलवार म्यानासकट उचलली आणि... तिने डोकं वाचवायला हात वर केला."

चुलीवरचा घावन करपल्याचा वास आला. शेवटी ग्लाशाच पुढे झाली आणि तवा उतरवला. मग तिचं लक्ष ताटलीतल्या चळतीकडे गेलं.

"हे पीठ कुठलं?"

उस्तिन्याने शालीच्या टोकाला हात पुसले. "नझारने दिलं. बुधवारी."

"आई!"

"माझ्या वाटणीचं होतं," नझार घाईने म्हणाला. "महिन्याचं. कुणाचं हिसकावलेलं नाही."

"म्हणजे लुका पोलिसाच्या पिठावर स्वर्गात जाणार," ग्लाशा म्हणाली, आणि तिच्या बसलेल्या आवाजाला एकदम तडा गेला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मावराला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तिने ते केलं नाही, कारण या घडीला ती आणि ग्लाशा एका बाजूला होत्या आणि जवळ गेलं तर दोघीही विरघळल्या असत्या.

जिन्यावर जड बुटांचा आवाज झाला. मावराने डुन्याला जवळ ओढलं. पण आवाजामागून शीळ आली, आणि दार ढकलून प्रोन्या आत आला. उस्तिन्याचा धाकटा, एकोणीस वर्षांचा, राखीव पलटणीतला शिपाई. संगिनीच्या टोकाला लाल फीत, काखेत बराकीतला अख्खा पाव.

"आई, हे बघ काय आणलं! लुकासाठी—" त्याने मामाला बघितलं, पाव टेबलावर टाकला आणि सरळ जाऊन त्याच्या गळ्यात पडला. "मामा! जिवंत आहेस! मी सकाळपासून... चौकीपाशी गेलो होतो मी. तिथे पडलेल्यांचे चेहरे बघितले एकेक करून."

नझारने भाच्याच्या पाठीवर थोपटलं, आणि थोपटतच राहिला.

"तू याच्या गळ्यात पडतोस?" ग्लाशा म्हणाली. "काल तूच बंदूक फिरवलीस ना यांच्यावर?"

"फिरवली. पुन्हा फिरवीन. बायकांवर झाड म्हणाले तर पुन्हा फिरवीन." प्रोन्या खाली बसला. बसल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला. "पण ग्लाशाताई, आमच्या कप्तानाला मारलं काल. अंगणात. तो पाठ करून चालला होता. मी नाही मारलं. पण मी तिथेच होतो, आणि मी काही बोललो नाही. वाईट माणूस होता, थोबाडीत मारायचा. तरी त्याचा एक हातमोजा बर्फात पडला होता, आणि एकजण तो उचलून घालून बघत होता, बरोबर होतो का म्हणून. आज आणखी कुणाला मरताना बघणं माझ्याच्याने होणार नाही. मामाला तर नाहीच."

"मारायचं कोण म्हणतंय? संसदेत, दूमात नेऊ. तिथे पकडलेल्यांना ठेवतायत, चौकशी होईल. लोकांपुढे उभं राहून उत्तर देऊ दे याला. त्यासाठीच तर उतरलो ना आपण रस्त्यावर?"

"दूमापर्यंत पोचला तर. मी येताना बघितलं, एकाला नेत होते. चार शिपाई होते बरोबर. कोपऱ्यावर गर्दीने काढून घेतला."

"मग तू ने. तुझ्याकडे बंदूक आहे."

"एकट्याने?"

ग्लाशा वहिनीकडे वळली. "तू बोल. तुझं म्हणणं सकाळपासून तेच असणार ना? डुन्या आहे घरात. सांग यांना."

सगळे मावराकडे बघू लागले. मावराने हातातला सदरा घडी करून ठेवला. इतके दिवस जे तिने पोटात ठेवलं होतं, ते सासूपुढे बोलायचं म्हणजे तिला जिभेवर निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं.

"आई, पलटणीचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, लुका जागच्या जागी गेला. तसं नव्हतं. त्याच्या सोबत्याचं वेगळं पत्र आलंय मला. मी तुम्हाला दाखवलं नाही."

उस्तिन्या हळूच बाकावर बसली.

"पायाला लागलं होतं त्याच्या. तो सरपटत एका शेतावरच्या घरापाशी गेला. आत दिवा होता, माणसं होती. त्याने दार वाजवलं. घाबरले असतील बिचारे, कोण आहे, कुठल्या बाजूचा आहे. त्यांनी दिवा विझवला. तो तीन तास त्या पायरीवर होता. सोबत्यांना सापडला तेव्हा..." ती थांबली. "मी त्या घराला रोज शिव्याशाप देते. सकाळ-संध्याकाळ देवापुढे उभी राहिले की आधी त्यांना शाप देते आणि मग लुकासाठी मागते. त्यांच्याही घरात एखादी डुन्या असेल, हे मला आज पहिल्यांदा कळलं."

ती उठली. भिंतीशी असलेली पेटी उघडून तिने लुकाचा तपकिरी कोट बाहेर काढला. गेलेल्याचे कपडे चाळिसाव्या दिवशी गरजवंताला द्यायचे असतात. हा ती संध्याकाळी चर्चच्या पायरीवरच्या आंधळ्याला देणार होती.

"घ्या, मामा. लुकाचा आहे. बाह्या जरा आखूड होतील."

नझारने कोट घेतला नाही. मग तो मोठा माणूस दोन्ही हातांत तोंड खुपसून रडायला लागला. रडणं असं की आवाज अजिबात नाही, फक्त खांदे.

उस्तिन्या उठून त्याच्याजवळ गेली नाही. ती सुनेजवळ गेली. तिचं डोकं छातीशी धरलं. "एकटीने वाहिलंस एवढं," ती पुटपुटली. "वेडी पोर. एकटीने."

---

झडती आली ती दोनच्या पुढे. खालच्या मजल्यावर दारं वाजायला लागली तेव्हा त्यांच्या हातात पाच मिनिटं होती. प्रोन्याने शिवणाच्या कात्रीने मामाच्या मिशा कापल्या आणि लुकाच्या वस्तऱ्याने कोरड्यानेच खरवडून काढल्या. मावराने काळा डगला डुन्याच्या गादीखाली सारला आणि तिला वर बसवलं. "इथून हलायचं नाही." डुन्या तशीही हलत नव्हती.

ग्लाशा एका बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. तिने मदत केली नाही आणि अडवलंही नाही. दार वाजलं तसा प्रोन्या बंदूक घेऊन उठला.

"बस खाली," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर सगळं लिहिलंय. मी उघडते."

दारात चौघे होते. पुढे अवदेय, यंत्रकारखान्यातला लोहार. त्याला ती चांगली ओळखत होती. पुलावर घोडेस्वार आले तेव्हा याच माणसाने तिला ओढून कमानीखाली नेलं होतं. थकून त्याचे डोळे लाल झाले होते.

"अरे, ग्लाशा, तू इथे राहतेस? बघ, उगाच तीन मजले चढलो. पोलीस शोधतोय आम्ही. मागच्या अंगणात एकजण शिरताना दिसला म्हणतात." बोलता बोलता त्याची नजर आत गेली: टेबल, घावन, पेल्यावरचा पाव. त्याने टोपी काढली. "कोण?"

"भाऊ. लुका. रीगाजवळ. आज चाळिसावा."

"देव त्याला जागा देवो." मागच्या तिघांनीही टोप्या काढल्या. त्यातला एक विद्यार्थी असावा, चष्मेवाला. तो मात्र पुढे झाला. "आणि हे गृहस्थ कोण? ओठावर ताजं रक्त दिसतंय."

ग्लाशाला मात्र्योनाचा हात दिसला, तो कसा वेडावाकडा लटकत होता तो. अवदेय तिच्याकडे बघत होता. "ग्लाशा, तूच सांग. तू सांगशील ते खरं."

असं त्याने म्हणायला नको होतं. संशय घेतला असता तर ती भांडली असती, भांडणात काहीही बोलता आलं असतं.

"माझा मामा आहे," ती म्हणाली. "आईचा धाकटा भाऊ. प्स्कोवकडचं गाव आमचं. लुकाच्या चाळिसाव्याला आलाय. बोथट वस्तऱ्याने दाढी केली म्हणून रक्त आहे."

यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता.

अवदेयने मान हलवली. उस्तिन्या वाटी घेऊन पुढे आली. "आलात तसे तोंड गोड करून जा, बाबांनो. माझ्या लेकासाठी." चौघांनी एकेक चमचा गहू तोंडात घातले. चष्मेवाला विद्यार्थी खाताना एकदम थांबला. मधाची चव आठवून की काय, डोळे मिटून उभा राहिला. किती दिवसांचा उपाशी होता कोण जाणे. उस्तिन्याने त्याच्या हातात एक घावन गुंडाळून दिला.

ते वरच्या मजल्यावर गेले. ग्लाशाने दार लावलं, कडी घातली आणि दाराला टेकून तिथेच खाली बसली.

"ग्लाशा," नझार म्हणाला.

"बोलू नकोस. अवदेयने माझा जीव वाचवला होता. आता त्याच्या समोर आले की मला खाली बघावं लागेल. आयुष्यभर. हे तुझ्यासाठी केलेलं नाही मी. वहिनीने दार उघडलं, ते मला बंद करता आलं नाही, एवढंच." तिने नाक ओढलं. "आणि तुझं माझं हे संपलेलं नाही."

"नाही संपलेलं," तो म्हणाला.

"चला," उस्तिन्या म्हणाली. "घावन गार होतायत. लुका वाट बघतोय."

सगळे बसले. ग्लाशाही शेवटी उठून बसली, मामापासून सर्वांत लांबच्या टोकाला. पहिला घावन तिने नुसता बोटांनी तोडत ठेवला. मग तिला आठवलं, लुका दोन-दोन घावन एकदम तोंडात कोंबायचा आणि आई ओरडायची. तिने खाल्ला. पोलिसाच्या पिठाचा होता आणि चांगला झाला होता.

---

चार दिवस नझार मागच्या खोलीत होता. शनिवारी सकाळी ग्लाशाने दार उघडून सांगितलं, "कोट घाल. माझ्याबरोबर यायचंय."

कुठे, हे त्याने विचारलं नाही. दूमात नेणार असेल तर तसं, गोळी घालायला भिंतीपाशी नेणार असेल तर तसं. उस्तिन्या दारापर्यंत आली, भावावर क्रूसाची खूण केली, आणि लेकीच्या तोंडाकडे बघून आत गेली.

ग्लाशा पुढे, तो मागे. दोन गल्ल्या ओलांडून ती एका लाकडी इमारतीच्या अंगणात वळली. तळमजल्याचं दार तिने न वाजवताच ढकललं. खोलीत आपल्याच तोंडाची वाफ दिसावी इतकी थंडी होती. पलंगावर एक बाई बसली होती, उजवा हात फळीला बांधलेला. तीन मुलं एकाच गोधडीत.

नझारने टोपी काढली. वाटेत जुळवलेलं सगळं तो विसरला. "मी नझार साव्विच," तो म्हणाला. "पुलावर मी होतो."

मात्र्योनाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिशा काढल्यास म्हणून ओळखणार नाही वाटलं तुला? हा चेहरा मी दोन वर्षं बघतेय. पावाच्या दुकानापुढे." ती ग्लाशाकडे वळली. "याला कशाला आणलंस?"

"त्याने काय ते तुला सांगावं म्हणून. आणि तू सांगशील ते करायचं. हाक मारायची म्हटलीस तर अंगणात माणसं आहेत."

गोधडीतलं धाकटं खोकलं. मात्र्योनाने त्याच्याकडे बघितलं, थंड चुलीकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"हाक मारून माझा हात जुळणार आहे का?" ती म्हणाली. "अंगणात ओंडके पडलेत. शेजाऱ्याने गाडीभर आणून टाकले, पण फोडणार कोण? मला एका हाताने येत नाही. चार दिवस चूल पेटलेली नाही." तिचा आवाज कठोरच होता. "मी तुला क्षमा केलेली नाही. तू लाकडं फोड."

कुऱ्हाड बोथट होती, ओंडके ओले. नझारने कोट काढून कुंपणावर टाकला आणि फोडायला सुरुवात केली. दहा-बारा झाले असतील, एवढ्यात रस्त्याकडून आरडाओरडा ऐकू आला. एक बाई वर्तमानपत्राचा कागद नाचवत अंगणात धावत आली.

"गेला! झार गेला! राज्य सोडलं त्याने! भावाला दिलं, तर भावालाही नको झालंय!"

खिडक्या उघडल्या. कुणी हुर्रे म्हणालं, कुणी रडलं. एक म्हातारी वरून ओरडली, "कुणालाच नको? मग पाव कोण देणार ते छापलंय का त्यात?" सगळं अंगण हसलं. हसता हसता अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

नझार कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता. त्याचा बाप सावा गुलामीत जन्मला होता; या झारच्या आजोबांनी त्याला मोकळं केलं म्हणून बाप मरेपर्यंत देवाच्या शेजारी झारची तसबीर ठेवून तिलाही दिवा लावायचा. नझारने सतरा वर्षांपूर्वी या झारच्या नावाने शपथ घेतली होती. शपथ अजून त्याच्यापाशी होती, आणि ज्याच्यासाठी घेतली तो मात्र पाच ओळी लिहून निघून गेला होता. त्याला राग आला नाही. खूप लांब चालून आल्यावर ते गावच तिथे नसावं, तसं वाटलं.

ग्लाशा अंगणातल्या लोकांत मिसळली नव्हती. ती पायरीवर बसून त्याच्याकडेच बघत होती. हा दिवस तिचा होता, तिने आणि मात्र्योनाने आणला होता, आणि त्याला वाटलं, आता ती उठून त्यांच्यात जाईल. जायलाच हवं.

ती उठली आणि ओंडक्यापाशी आली.

"थांबलास का?"

"हा गाठीचा आहे. नुसत्या कुऱ्हाडीने फुटणार नाही. पाचर लागेल."

तिने ढिगातून लोखंडी पाचर शोधून काढली, ओंडक्याच्या भेगेत टेकवली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धरली. हात लाल पडले होते, सूतगिरणीत बारीक बारीक चिरा पडलेले. पाचरेच्या माथ्यापासून तिची बोटं चार अंगुळांवर होती.

नझारने कुऱ्हाड उलटी केली, मागची बोथट बाजू खाली. त्याने कुऱ्हाड खाली टेकवली.

"हात काढ, ग्लाशा. मी एकटा करतो."

"एकट्याने पाचर उभी राहत नाही," ती म्हणाली. वर न बघता. "मार."

त्याने पाय रोवले आणि कुऱ्हाड उचलली. ग्लाशा हलली नाही.